दुप्पट आगोट

१२ मे, मंगळवार. आज आमसुलांना तिसरं पुट द्यायचं होतं.

काम सोपं आहे. रातांबे फोडायचे, बिया आणि गर काढून त्यात मीठ घालायचं, रस सुटला की त्यात सालं बुडवून निथळायची आणि उन्हात पसरायची. वाळली की परत बुडवायची, परत पसरायची. सालं काळपट आणि लवचिक होईपर्यंत हे चालतं. डोकं लागत नाही, ऊन लागतं. हात मनगटापर्यंत लाल होतात आणि कितीही घासले तरी आठवडाभर तसेच राहतात. मे महिन्यात आमच्या आळीत एखादीचे हात स्वच्छ दिसले तर ती पाहुणी असते.

मुरुडकडे पावसाळ्याआधी घर भरून ठेवायच्या या सगळ्या खटाटोपाला आगोट म्हणतात. तांदूळ, मसाला, पापड, सुकी मासळी, फोडलेली लाकडं, पडवीला बांधायची ताडपत्री, सगळं त्यात आलं. आता दुकानं बारा महिने उघडी असतात, मुसळधार पावसातही माणूस दारात पार्सल आणून देतो, तरी आगोट सुटलेली नाही. ती केली नाही तर जूनमध्ये घरात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ज्या बाईची आगोट चांगली, ती बाई चांगली, असा इथला हिशेब आहे. मीही त्याच हिशेबात वाढले आणि त्यात बरे गुण मिळवले.

सकाळी बाजारात गेले होते. जेट्टीच्या रस्त्यावर हिरा सुकी मासळी घेऊन बसते. मी सोडे मागितले, तशी तिने तराजू उचललाच नाही.

"बाय, परवा तर नेलस सोडे. घरात लगीन हाय का?"

"गौरी माहेरी येतेय, बाळंतपणाला."

"मंग बाळंतिणीला सोडे घालतेस काय गो?"

शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसले, आणि सोडे घेतले. घरी येऊन डब्यात ओतायला गेले तर डबा भरलेला. त्याच्या मागे अजून एक डबा होता, तोही भरलेला. परवाचे आठवत होते. मागच्या डब्यातले कधी घेतले, ते काही केल्या आठवेना. वास मात्र ताजा होता. मी कोठीच्या खोलीत थोडा वेळ उभी राहिले, पिशवी तशीच खुंटीला टांगली आणि अंगणात येऊन सालं बुडवायला घेतली. हात कामात असले की मला विचार करता येतो. निदान विचार करतेय असं वाटतं.

सालं उलटता उलटता मला तीन वर्षांपूर्वीचा तो मे आठवत राहिला.

त्याच्या आधी तीन वर्षं आमच्याकडे वादळ आलं होतं. भर दिवसा वाडी आडवी झाली. पोफळी मध्येच पिळवटून तुटल्या, नारळ मुळासकट उपटून विहिरीवर पडले, स्वयंपाकघरावरचे पत्रे उडून कुणाच्या तरी परसात गेले. कित्येक आठवडे वीज नव्हती. पण मी तेव्हा ठणठणीत होते. चूल मांडली, शेजारच्या दोन घरांचं जेवण केलं, झाडं तोडायला आलेल्या माणसांना चहा देत राहिले. लोक अजून सांगतात, शुभावहिनींनी त्या वेळी कशी कंबर बांधली होती. खरंच बांधली होती. ती सोडायची राहिली एवढंच.

पुढच्या वर्षी अख्ख्या गावानेच दुप्पट आगोट केली. त्यात नवल काहीच नव्हतं. ज्यांनी एक ताडपत्री घ्यायची त्यांनी दोन घेतल्या, मेणबत्त्या मिळेनाशा झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी लोक जरा सैलावले. तिसऱ्या वर्षी सगळे मूळ मापावर आले. आमची पलीकडची शेजारीण नसीम तर म्हणाली, "जाने दे गो, जो होयाचा तो होयेल," आणि तिने लाकडंही निम्मीच भरली. त्या तिसऱ्या वर्षी आळीत दुप्पट आगोट करणारी एकटी मी उरले होते.

हे आता लिहिताना स्वच्छ दिसतं. तेव्हा कुणालाच दिसलं नाही, कारण आमच्याकडे जास्त काम करणं ही तक्रार नसते. माणूस अंथरुणाला खिळला, जेवण सोडलं, रडत बसला, तर लोक विचारतात. मी पहाटे उठून पापडाचं पीठ कुटत होते. मसाला एकदा केला होता, वास उतरल्यासारखा वाटला म्हणून परत केला. नसीम अंगणात येऊन उभी राहायची, मिरच्यांच्या राशीकडे बघायची आणि स्वतःच्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आगोट बघायची तर शुभाची बघा." सून फोनमध्ये बघत असायची. मला ते ऐकून बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. पुढचं काय राहिलं, एवढंच डोक्यात असायचं.

माझा नवरा, सुधीर, पंचायत समितीतून निवृत्त झालेला. कमी बोलतो. दुपारी पडवीतल्या खुर्चीत बसतो आणि वाडीकडे बघतो. काय बघतो असं विचारलं तर म्हणतो, वाडी. त्या वर्षी त्याने एकदाच टोकलं. तांदळाचं आणखी एक पोतं रिक्षातून उतरताना बघून म्हणाला, "सैन्य येणार आहे का जेवायला?"

मी म्हटलं, "पावसात संपलं तर तू जाणार आहेस आणायला?"

"जाईन की. दुकान कोपऱ्यावर आहे."

मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तोही कामापुरतंच बोलतो, त्यामुळे त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे.

ताडपत्रीची दोरी हे त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. लाकडांच्या ढिगावर ताडपत्री टाकून मी नायलॉनच्या दोरीने बांधली. संध्याकाळी ती सैल वाटली, सोडून परत बांधली. दुसऱ्या दिवशी परत. तळहाताची सालटं निघाली, त्यावर हळद लावून परत बांधली. वारा अजिबात नव्हता. मे महिन्यातली ती चिकट, पान न हलणारी संध्याकाळ, समुद्रसुद्धा तेलासारखा जड, आणि मी ढिगाभोवती फिरून गाठी चाचपतेय. गाठ पक्की आहे हे बोटांना कळायचं. बोटांपासून वर मात्र ती बातमी पोचायची नाही.

जेवणाची चव गेली होती. चाखून काही कळत नव्हतं, म्हणून मीठ अंदाजाने घालायचे आणि सुधीर निमूट जेवायचा. छातीत धडधडायचं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "वहिनी, अलिबागला एक काउन्सेलर बाई आहेत. एकदा बोलून याल का?"

"कशाबद्दल?"

"तेच त्या विचारतील."

मी म्हटलं, आगोट झाल्यावर बघू. इथे हे उत्तर कुणालाही पटतं. लग्नाची बोलणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, पुण्याला लेकीकडे जाणं, मे महिन्यात काहीही काढलं तरी आगोट झाल्यावर. मग पाऊस लागतो, तेव्हा रस्ते बरे नसतात. मग गणपती. मग भातकापणी. मला ती बाई नको होती, आणि वर्षभराच्या कामांनी मला भरपूर पळवाटा दिल्या होत्या. डॉक्टरांवर मी मनातून चिडलेही. मी काय भांडी फेकत होते, की रस्त्यात बडबडत होते? आमच्याकडे दोनच कप्पे आहेत, ठीक आणि वेडी. वेड्या कप्प्यात मी बसत नव्हते, म्हणजे मी ठीक होते.

पुढे एका दुपारी मी शिडी लावून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर चढले. पत्र्याचे हूक बघायचे होते. ते आदल्या दिवशीही मीच बघितले होते. सुधीर खुर्चीतून उठून शिडी धरायला आला.

"खाली ये. काल बघितलेस ना."

"काल बघितले म्हणून काय झालं?"

"काल आणि आजच्या मध्ये काय झालं?"

मी उतरायला लागले आणि मध्येच थांबले. पाय खाली जाईना. श्वास अर्ध्यावर येऊन अडकायचा. डोळ्यांसमोर शिडीची दांडी, त्यावर रंगाचा एक पोपडा, तेवढंच दिसत होतं. मला वाटलं, हे हृदयच आहे, डॉक्टरांनी पट्टी चुकीची काढली. सुधीरने वर हात करून माझा घोटा धरला. ओढला नाही. नुसता धरून उभा राहिला. पत्रा तापलेला होता, त्याचा वास येत होता, आणि त्याच्या हाताची पकड. बराच वेळ तसा गेला. मग पाय हलला.

खाली आल्यावर त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "अलिबागला पावसाच्या आधी जाऊन येऊ. नंतर तुला फुरसत नसेल."

एवढंच. समजावलं नाही. समजावलं असतं तर मी गेले नसते.

काउन्सेलर बाईंची खोली एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. लाकडी जिना, वर दोन दारं, एक त्यांचं आणि एक दातांच्या डॉक्टरांचं. मी जाताना पिशवीत आंबे घेतले होते. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची सवय नाही. त्यांनी ते घेतले नाहीत. हसून म्हणाल्या, "इथे काही आणायचं नसतं." मला ते अजिबात आवडलं नाही. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, तोही आवडला नाही. मी आधीच सांगून टाकलं, "मी रडणाऱ्यातली नाही."

"नका रडू," त्या म्हणाल्या. वयाने माझ्याहून लहान असतील, केस आखूड, पायात साध्या चपला. "मला फक्त एवढं सांगा, दिवसात तुम्ही बसता कधी?"

"बसते की. निवडायला बसते, चिरायला बसते."

"आणि हातात काही नसताना?"

मी खरंच आठवून बघितलं. वादळाच्या आधी बसायचे. संध्याकाळी दिवा लावला की पडवीच्या पायरीवर बसायचे. नंतरचं आठवेना. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मी रडले नाही, पाणी मागितलं.

त्यांनी मला मोठं काही सांगितलं नाही. औषध लागेल का ते पुढे बघू म्हणाल्या, लागलं तर मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवीन म्हणाल्या. पुढे पाठवलंही, आणि काही महिने मी गोळी घेतली. रक्तदाबाची घेते तशीच घेतली. पण पहिल्या दिवशीचं काम वेगळंच होतं. रोज दुपारी, एक कप चहा पिऊन होईस्तोवर, हात रिकामे ठेवून पडवीत बसायचं. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी मी यष्टीत दीड-दोन तास घालवले?

घरी येऊन बसले तेव्हा कळलं. चहा संपेपर्यंत मी कितीतरी वेळा उठायला निघाले. कडधान्याला ऊन दाखवायचं होतं. दोरी बघायची होती. मांडीवर ठेवलेले हात कुणा दुसऱ्याचे वाटत होते. मी दोन घरांचा स्वयंपाक करू शकते, पोफळीची रोपं लावू शकते, आणि मला एक कप चहा बसून पिता येत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मला काहीतरी झालंय. शिडीवर वाटलं नव्हतं, तिथे वाटलं.

आणि त्या वेळी नसीम कुंपणातून डोकावली. महिनाभर मी यंत्रासारखी राबत होते तेव्हा तिने माझं उदाहरण सुनेला दिलं. आता मी नुसती बसलेली बघून तिचा चेहरा पडला.

"काय गो, तबियत बरी नाय? नुसती बसलीस ती?"

"बरी आहे. चहा पितेय."

"सुधीरभाय कुठं गेले? बोलावू?"

ती खरंच घाबरली होती. संध्याकाळी आजाऱ्याला देतात तसं खिमट घेऊन आली.

अलिबागच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या वर्षभर चालल्या. एकदा जिन्यात माझी चुलत जाऊ भेटली. "इथे कुठे?" मी समोरच्या दाराकडे बोट केलं, "दात." तेवढ्यावरून त्या पावसाळ्यात माझ्या तोंडातला एकेक दात गावात चर्चेला आला. कुणी लवंगतेल सांगितलं, कुणी मुंबईचा डॉक्टर सांगितला. मी सगळं ऐकून घेतलं. दाताला लोक किती सहज सहानुभूती देतात, हे मला तेव्हा कळलं. गौरी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीत होती. तिला दातांचंही सांगितलं नाही. तिला कशाला, असं म्हटलं. सुधीरला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

बरं कधी वाटायला लागलं, ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस जेवताना आमटीत मीठ कमी आहे हे मला कळलं. मी उठून मीठ घेतलं. सुधीरने माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. म्हणाला, "मलाही दे. बरेच दिवस झाले."

शेवटच्या भेटीत बाईंनी सांगितलं होतं, की हे परत येऊ शकतं, त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका, आणि परत वाटलं तर खात्री होईपर्यंत थांबू नका. तेव्हा मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.

आज ते वाक्य आठवलं तेव्हा मला त्यातली अडचण कळली. खात्री होत नाही, हीच तर गोष्ट आहे. या वर्षी माझ्याजवळ जास्तीच्या आगोटीला चांगलं कारण आहे. गौरीला सातवा महिना संपत आलाय. ताम्हिणी घाटात पाऊस सुरू व्हायच्या आत तिला आणायची आहे, आणि जुलैत बाळंतपण. डिंक, खारीक, खोबरं, मऊ लुगडी, बाळाची दुपटी, शेगडीसाठी कोळसा, हे सगळं लागणारच. पहिलटकरणीची आई धावपळ करणार नाही तर कोण करणार? हिराला पटलं, नसीमला पटलं. मलाही पटलं असतं, मागचा डबा सापडला नसता तर.

पुट देऊन झालं. दुपारचं ऊन कलायला लागलं होतं, सालं पसरलेल्या चादरीवर माडाची सावली सरकत येत होती. मी चादर ओढून उन्हात घेतली आणि स्वतःलाच साधे प्रश्न विचारले, जसे ताप आलेल्या मुलाला आपण विचारतो. झोप? पहाटे चारला उघडते, आणि उघडते ती कामाची यादी घेऊनच. जेवण? कालच्या कालवणाची चव सांगता येत नाही. बसणं? हा चहाचा नेम मी कधी सोडला ते आठवत नाही. बहुतेक होळीच्या आसपास. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. कामं वाढली आणि तो गळून गेला.

थकवा आणि हे, यात फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की थकलेल्या माणसाला काम संपलं की बरं वाटतं. माझं काम संपलं की मला भीती वाटते. आगोट ही संपणारी गोष्ट आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची बरणी बांधली की बायका पाय पसरून बसतात, एकमेकींच्या पापडांना नावं ठेवतात. जिची आगोट संपतच नाही, तिने जरा थांबून बघावं.

चहा केला आणि पडवीत आले. सुधीर खुर्चीत होता. मी पायरीवर बसले.

"दोरी बघितलीस ना आज?" त्याने विचारलं.

मी दचकले. "तुला कसं कळलं?"

"रोज बघतेस. पंधरा-वीस दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. गौरी यायच्या आधी." तो वाडीकडे बघत होता. "तू रागावशील म्हणून एकेक दिवस ढकलत होतो."

मी रागावले नाही. मग मी त्याला जे सांगितलं ते मला आधी माहीतही नव्हतं, बोलताना कळलं. म्हटलं, या वर्षी दोरी आहे. जुलैत घरात बाळ असेल. मी रात्रंदिवस त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसेन. बघितला तरी परत बघेन. गौरीला वाटेल, आई किती करते. मग तिलाही वाटायला लागेल की एवढं बघावंच लागतं. बाळंतिणीजवळ शांत बसणारं माणूस लागतं रे. धावणारी माणसं पुष्कळ मिळतात. आणि मला तेवढंच येईनासं होतं.

सुधीर म्हणाला, "मग विचार आत्ताच. बाईंचा नंबर आहे ना?"

"आमसुलं अर्धवट आहेत."

"हो," तो म्हणाला. "आणि पुढच्या आठवड्यात पापड असतील."

मी फोन घेतला. काय लिहायचं यात वेळ गेला. "नमस्कार मॅडम, ओळखलंत का" असं लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, परत सुरू झालंय असं वाटतं, खात्री नाही, लेक बाळंतपणाला येतेय. चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. उद्या अकराला जमेल का?

१३ मे, बुधवार. सकाळी मी लवकर आवरलं. ऊन कडक निघालं होतं, आमसुलांसाठी उत्तम. शेवटचं पुट कसं द्यायचं ते सुधीरला सांगितलं. तो सालं घट्ट पिळणार आणि चादरीवर एकमेकांवर टाकणार, हे मला माहीत होतं. मी मागे वळून बघितलं नाही. नसीम दारात होती. "सकाळी सकाळी कुठं?" मी म्हटलं, "अलिबागला. मनाच्या डॉक्टरकडे." तिने ओढणी सावरली आणि म्हणाली, "बस लागते तुला. खिडकीशी बस."

यष्टीत डावीकडची जागा मिळाली. काशीदच्या अलीकडे समुद्र दिसायला लागला आणि गौरीचा फोन आला. बाळाच्या दुपट्यांचं कापड धुऊन ठेवलंस का, असं विचारत होती.

"ठेवलंय. दोनदा."

"आवाज कसला येतोय? कुठे आहेस?"

"बसमध्ये. अलिबागला चाललेय." पुढे नेहमीसारखं काहीतरी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. "काउन्सेलरकडे जातेय. मागे वर्षभर जात होते, तुला सांगितलं नव्हतं. मला चिंतेचा त्रास होतो. मध्ये बरी होते. आता परत जाणवतंय, म्हणून तू यायच्या आधीच जातेय."

बस वळणावर कलली, मी दांडा धरला. वाटलं, पोटुशी पोर, हे आज सांगायला नको होतं.

"आई," ती म्हणाली, "मी आल्यावरही जाशील ना? का माझं करायचं म्हणून बंद करशील?"

"जाईन."

"नक्की?"

"दर आठवड्याला जावं लागलं तरी जाईन."

"मग तू नसताना आमच्याजवळ कोण?"

"बाबा," मी म्हटलं. "त्यांना नुसतं बसता येतं."

ती हसली. मग हसता हसता थोडी रडली, ते मला कळलं, आणि मी तिला रडू दिलं, मध्ये काही बोलले नाही. घाटी लागली तशी रेंज गेली. कंडक्टर पुढून एकेक तिकीट फाडत येत होता. मी त्याच्याकडे बायकांचं अर्धं तिकीट मागितलं, अलिबाग एक.